हितसंबंध नसलेली माणसं

"एकदा जरी 'आई' म्हणालास ना, तर संपलं सगळं," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "ती खजिनदार. मी अध्यक्ष. तू व्यवस्थापक. आपली ओळख फक्त गाढवांमुळे."

म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाच्या ऑफिसात व्यवस्थापकाने मान डोलावली. देणगी देणाऱ्यांनी कारभार तपासायला एक बाई पाठवल्या होत्या. त्यांची पहिली अट अशी, की विश्वस्तांचा नातलग पगारी नोकर नको. विश्वस्त तिघे : मामा, आई आणि जनावरांचे डॉक्टर. पगारी नोकर एकच : आईचा मुलगा, हा व्यवस्थापक. नोकरी गेली तर गाढवांपलीकडे त्याला काहीच येत नव्हतं.

बाई आल्या, तिघा विश्वस्तांसमोर बसल्या, चष्मा पुसू लागल्या. तेवढ्यात एका गाढवाने खिडकीतून तोंड आत घातलं आणि अशी काही तान मारली, की व्यवस्थापक जागच्या जागी उडाला.

"आई गं!"

"काय रे?" खजिनदार म्हणाल्या.

गाढवसुद्धा गप्प झालं.

"तुम्ही ओ दिलीत?" बाईंनी चष्मा चढवला.

"छे छे, सवय हो!" मामा घाईघाईने म्हणाले. "त्या कशालाही ओ देतात. कुणी शिंकलं तरी देतात."

"म्हणजे नातं नाही?"

"नातं? अहो, त्यांना हा माणूस डोळ्यांसमोर नको असतो!"

व्यवस्थापकाने आईकडे पाहिलं. आई जिवाच्या आकांताने होकारार्थी मान हलवत होती.

"असं? मग याला ठेवायचं की काढायचं, ते मंडळाने आत्ता माझ्यासमोर ठरवावं. हात वर करून. निर्णय कसे होतात ते मला बघायचंच आहे. ठेवायचं म्हणणारे?"

आईचा हात निम्मा वर आला. टेबलाखाली मामांचा बूट हलला, तसा तो हात केसांकडे वळला आणि तिथेच खाजवत राहिला. एकट्या डॉक्टरांनी हात वर केला. "पोरगा चांगलाय. गाढवं त्याचं ऐकतात."

"काढायचं म्हणणारे?"

दोन हात. त्यातला आईचा जरा जास्तच उंच.

व्यवस्थापक मटकन स्टुलावर बसला. बाई मात्र डॉक्टरांकडे रोखून पाहत होत्या.

"डॉक्टर, तुमचं याच्याशी नातं काय?"

"माझं? काहीच नाही!"

"मग तुम्हालाच बरा एवढा पुळका? हितसंबंध असाच उघडा पडतो. राजीनामा द्या."

"अहो पण..." म्हणता म्हणता डॉक्टर दाराबाहेर कधी पोचले, ते त्यांनाही कळलं नाही.

"आता मंडळात एक जागा रिकामी झाली," बाई म्हणाल्या. "तिथे खरा त्रयस्थ हवा. ज्याचं इथे कुणाशीच सूत नाही, असा." त्यांची नजर फिरत फिरत व्यवस्थापकावर थांबली. "तुम्ही याल?"

"मी?" त्याचा आवाज चिरकला. "पगार... तोच?"

"विश्वस्ताला कसला पगार? पद मानद असतं."

मामांनी लगबगीने उठून त्याच्याशी हात मिळवला. आईही पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते. पण कामात ती कधीच कच्ची नव्हती.

"अभिनंदन," ती म्हणाली. "आपलं नाव काय म्हणालात?"