रत्नप्रभेची सुटकेस आणि नाक्यावरचे पोलीस

सगळं घडलं ते मला शिंक आली म्हणून. शिंक माणसाच्या हातात नसते हे मला मान्य आहे, पण शिंकल्यावर रुमाल कुठून काढायचा हे तर हातात असतं! खिशात रुमाल होता. तो जरा चुरगळलेला होता, आणि शेजारी एक नीटनेटक्या पंजाबी आजीबाई, म्हणजे तिकडच्या भाषेत बीजी, बसल्या होत्या. तेव्हा आपण मांडीवरच्या सुटकेसमधून कोरा रुमाल काढावा, असं मी ठरवलं. एवढाच माझा निर्णय. (आयुष्यात मी स्वतःहून घेतलेले निर्णय फार थोडे. बाकीचे रत्नप्रभा घेते, आणि ते सहसा बरोबर असतात.)

रत्नप्रभा म्हणजे माझी बायको. मी नंदकुमार दांडेकर. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका सरकारी कंपनीत कामाला. त्या वर्षांत आमची बदली चंदीगडला झाली होती आणि मला दर दोन आठवड्यांनी दिल्लीच्या मुख्य कचेरीत जावं लागे. पंजाबात दहशतवाद धुमसत होता, दिवस वाईट होते. रस्त्यावर वाळूची पोती आणि बंदुका, सिनेमाच्या दारात झडती, बसमध्ये चढल्यावर आधी सीटखाली वाकून बघायचं आणि मग बसायचं. बसच्या टपावर सामान टाकायला ड्रायव्हर साफ नकार देत. 'अपनी अटैची, अपनी गोद में,' असा त्यांचा खाक्या. त्यामुळे मांडीवर मावेल एवढ्या सुटकेसमध्ये जे बसेल तेवढंच आपलं.

आणि रत्नप्रभेच्या हाताने त्या सुटकेसमध्ये काय बसत नसे! कोट, दोन शर्ट, पँट, स्वेटर, बूट, दाढीचं सामान, वर सातारी कंदी पेढ्यांचा डबा. कुठे फुगवटा नाही, कुठे सुरकुती नाही. दिल्लीला पोचून शर्ट काढावा तर जणू आत्ताच इस्त्रीवाल्याने हातात दिलाय. आमच्या कचेरीतले कृष्णकांत राजोपाध्ये तर मी सुटकेस उघडायच्या वेळी मुद्दाम येऊन उभे राहत. त्यांच्या बॅगेतून निघालेला शर्ट गाईने चघळल्यासारखा दिसे.

त्या दिवशी मात्र सुटकेसमध्ये आणखी एक पाहुणा होता. नवजात बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात ना, तिच्या आतली ऊब दाखवणारं एक मीटर आमच्या कारखान्याने बनवलं होतं. नाजूक काचेची नळी आणि तिला दोन तारा. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी ते पसंत केलं होतं. आता दिल्लीच्या डायरेक्टरांनी पाहिलं की काम पुढे सरकणार. पण आमच्या पॅकिंग विभागाने खोक्यात, पेंढ्यात घालून पाठवलेलं प्रत्येक मीटर दिल्लीला पोचेपर्यंत काचेची साखर होऊन जाई. शेवटी मॅनेजर म्हणाले, "दांडेकर, हे शेवटचं. तुम्ही स्वतः न्या. हे फुटलं तर प्रॉजेक्ट फुटलं."

मी ते घरी आणून रत्नप्रभेच्या हातात दिलं. तिने ते एका मोज्यात घातलं, तो मोजा दुसऱ्या मोज्यात, ते सगळं ट्रंकेतून मुद्दाम काढलेल्या माझ्या लोकरीच्या माकडटोपीत आणि टोपी स्वेटरमध्ये. मग ते गाठोडं सुटकेसच्या बरोबर मध्यभागी बसवलं आणि म्हणाली, "दिल्लीपर्यंत हिला हात लावू नका."

आणि मी रुमाल काढला.

तो रुमाल नव्हता हो, पाचर होती. तो ओढल्याबरोबर आतून 'फुस्स' असा आवाज झाला. स्वेटर वर आला, कोटाची बाही बाहेर लटकली, एक बूट तिरका झाला. मी झाकण दाबलं. इकडून दाबलं की तिकडून वर. शेवटी गळ्यातला टाय काढून सुटकेसला बांधला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत बसलो.

अंबाल्याच्या अलीकडे नाक्यावर बस थांबली. हवालदार आत चढला. त्याला काय दिसलं असेल बघा : टायने आवळलेली, पोट सुटलेली सुटकेस, आणि तिला मिठी मारून बसलेला, घामाघूम झालेला इसम.

"इस में क्या है?"

"कपड़े जी."

"कपड़े ऐसे फूलते हैं?"

मलाही नेमका तोच प्रश्न पडला होता.

मला खाली उतरवलं. सुटकेस टेबलावर ठेवून त्याने टाय सोडला आणि झाकण आपोआप, जोरात उघडलं. बूट निघाले, कोट निघाला, शेवटी मधलं गाठोडं हाताला लागलं.

"ये क्या?"

"स्वेटर."

"स्वेटर में?"

"टोपी."

"टोपी में?"

"मोजा."

"मोजे में?"

"दूसरा मोजा."

हवालदार थबकला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "और दूसरे मोजे में?"

इथे मला हिंदी आठवेना. मी म्हणालो, "यंत्र."

त्याच वेळी मोज्याच्या तोंडातून तारेचं टोक बाहेर डोकावलं. क्षणात टेबलाभोवती एक माणूस उरला नाही. बस रिकामी झाली. बीजी तर त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने शेतात गेल्या. टेबलापाशी मी आणि माझा मोजा, दोघेच.

तेवढ्यात चौकीतून एक उंच सरदारजी इन्स्पेक्टर आले. सगळे मागे सरकत होते तेव्हा हा माणूस एकटा पुढे आला, हे मी कधी विसरणार नाही.

"नाम?"

"दांडेकर."

"डंडे-कर?" ते म्हणाले. "डंडा तो हमारा काम है. आप क्या करते हो?"

मी जमेल तसं सांगितलं. काच की पेटी, कमजोर बच्चे, उसके अंदर की गर्मी. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्वतः, अगदी हलक्या हाताने, दोन्ही मोजे उतरवले आणि ती नळी उन्हात धरली. नळी शाबूत होती.

"मेरी बेटी रही है उस पेटी में," ते हळूच म्हणाले. "अब दौड़ती है." मग खाकरून गरजले, "चलो, बंद करो अटैची! बस को देर हो रही है!"

आता कपड्यांचा एक गुण सांगतो. ते एकदा बाहेर आले की वाढतात. मी भरली, कोट उरला. हवालदाराने भरली, बूट उरले. बीजी शेतातून परत आल्या, "हटो, मैंने तीन बेटियाँ ब्याही हैं," म्हणत ओढणी खोचून भिडल्या. त्यांच्या हातून फक्त पेढ्यांचा डबा उरला, पण झाकण काही बसेना. एक जवान सुटकेसवर बसायला निघाला, तर इन्स्पेक्टर ओरडले, "ओए, काँच है अंदर!" कुणी म्हणालं कोट अंगात घाला. घातला. शर्टावर शर्टही घातला. जूनचा महिना होता.

मी म्हणालो, "नळी हातात धरून जातो."

"आगे और नाके हैं, डंडेकर साब," इन्स्पेक्टर म्हणाले. "दो कमीज़, ऊपर कोट, और हाथ में तार वाला शीशा. आपको कौन छोड़ेगा?" मग त्यांनी विचारलं, "पैक किसने की थी?"

"मिसेस ने."

"घर में फोन है?"

फोन शेजारी होता, विंग कमांडरांच्या मीनाक्षीवहिनींकडे. मी नंबर सांगितला आणि पुढे काही बोलायच्या आत इन्स्पेक्टरांनी तो चौकीतून जोडला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "हैलो, पुलिस चौकी से बोल रहा हूँ. मिसेज डंडेकर को बुलाइए."

त्या दिवसांत चौकीतून घरी येणाऱ्या फोनचा एकच अर्थ असे. मी झडप घालून रिसीव्हर घेतला. तिकडे चपला धावल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"प्रभा, मी बोलतोय."

श्वास ऐकू येत होता.

"प्रभा?"

"तुम्हीच बोलताय ना?"

"मीच."

"हात-पाय?"

"आहेत. सगळे आहेत."

"मग फोन कशाला?"

"सुटकेस बंद होत नाहीये."

पुन्हा शांतता. पण ही वेगळी. (लग्नाला बरीच वर्षं झाली की नवऱ्याला शांततेतले प्रकार कळतात.)

"रुमाल काढलात ना?"

"अगं, शिंक..."

"फोन त्या साहेबांना द्या."

मी दिला. त्यानंतर जे घडलं ते पाहायला सबंध बस चौकीच्या खिडकीशी गोळा झाली होती. रत्नप्रभेचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर ऐकू येत होता. तिचं हिंदी साताऱ्याच्या घाटातून उतरून आलेलं.

"पहले सब बाहर निकालो. अब पँट आडवी डालो. पाँव बाहर लटकने दो."

"आडवी मतलब, मैडम?"

"आडवी मतलब उभी नहीं!"

"ओए, पैंट आडवी!" इन्स्पेक्टर हवालदारावर ओरडले.

"आडवी की हुंदी ए, साब?"

"उभी नहीं!"

हवालदाराला ते कसं कळलं देव जाणे, पण कळलं. मग कोट उलटा, अस्तर बाहेर, बाह्या आत. ("डंडेकर साब, कोट उतारो! ऊपर की कमीज़ भी!") एका शर्टाची कॉलर पूर्वेला, दुसऱ्याची पश्चिमेला. बूट बिजागरीच्या कडेला, एकाची टाच दुसऱ्याच्या चवड्याशी, आणि बुटाच्या पोटात दाढीचं सामान. मधोमध स्वेटरचं गाठोडं, त्याच्या शेजारी पेढ्यांचा डबा. मग बाहेर लटकणारे पँटचे पाय दोन्हीकडून त्यावर, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे.

"अब रुमाल. घडी करके बूट के बाजू में ठासो. जोर से नहीं. प्यार से."

"प्यार से, ओए!" इन्स्पेक्टर गरजले.

खट्! सुटकेस बंद झाली. एका बोटाने.

बाहेर टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पण या खेपेला आनंदाने.

"मैडम, बंद हो गई!"

"हिलाकर देखो. आवाज आती है?"

"नहीं जी."

"फिर ठीक है. और सुनो भाईसाहब, उनको खोलने मत देना."

"जी मैडम," म्हणत इन्स्पेक्टरांनी रिसीव्हर ठेवला. त्यांचा उजवा हात अर्धवट कपाळापर्यंत गेला होता, हे मी स्वतः पाहिलं.

दिल्लीत डायरेक्टरांनी मोज्यातून मोजा काढत मीटर बाहेर काढलं. ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी मीटरपेक्षा मोज्याकडेच जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दांडेकर, हे कुणी केलं?" मी अभिमानाने सांगितलं. "त्यांना आपल्या पॅकिंग विभागाला शिकवायला सांगा," ते म्हणाले. "तुम्ही शिकवू नका."

घरी परतलो तेव्हा रत्नप्रभेने न बोलता ताट वाढलं. मी मीटरची हकीकत रंगवून सांगितली, तिचं तोंड भरून कौतुक केलं. ती ऐकत होती. मग आमटी वाढता वाढता म्हणाली, "चौकीचा फोन म्हटल्यावर मीनाक्षीवहिनींनी आधी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं."

मी तिच्या हातातून आमटीचं भांडं घेऊन खाली ठेवलं.

"सुटकेस नीट भरली की मला वाटतं, माणूस नीट परत येईल," ती म्हणाली. "वेडेपणा आहे. पण आहे. भात घालू?"

कौतुक पुष्कळांचं करतो आपण. पण त्या दिवशी मला कळलं की मी नुसत्या घड्यांचं कौतुक करत आलो होतो.

पुढे रत्नप्रभा खरंच कारखान्यात शिकवायला जाऊ लागली. पॅकिंग विभागातले दांडगे लोक तिच्यासमोर मोजे घेऊन रांगेत उभे राहत, आणि दिल्लीला पोचलेलं एकही मीटर त्यानंतर फुटलं नाही. ती कामात गुंतलेली पाहून पुढच्या खेपेला मी तिला म्हणालो, "तू राहू दे. मी इतक्यांदा पाहिलंय, माझी मी भरतो." आणि भरलीसुद्धा. बंद झाली. (गुडघा लावावा लागला, पण झाली.)

बस नाक्यावर थांबली. इन्स्पेक्टर स्वतः चढले. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"आओ जी, डंडेकर साब! मैडम कैसी हैं? बैठो, बैठो. आपकी अटैची क्या देखनी, वो तो मैडम ने भरी होगी."

"नहीं जी," मी छाती फुगवून म्हणालो, "इस बार मैंने खुद भरी है."

इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरले. सुटकेसवरची नजर न काढता त्यांनी हवालदाराला हाक मारली :

"ओए, बस खाली कराओ! और मैडम को फोन लगाओ!"