रुसवीचा शेवटचा मणी

वाण तपासणाऱ्या बाई यायच्या दिवशी सकाळीच सासरेबुवांनी घडावरची कागदी पिशवी सोडली आणि ते मटकन खाली बसले. घडाला एकच मणी उरला होता.

डोंगराच्या उतारावर दगडी बांध रचून केलेल्या पायऱ्यांवर त्यांचा द्राक्षमळा होता. सगळ्यांत वरच्या पायरीवर ही जुन्या वाणाची वेल होती. मनात आलं तरच फळायची, म्हणून तिचं नाव रुसवी. यंदा तिला हा एकच घड आला होता. जगात आता ही एकच उरली, असं सासरेबुवा येईल त्याला ऐकवत. बाईंनी वाण अस्सल ठरवलं तर वेल राहणार, नाहीतर मुलगा तिथे बाजारी हिरवी द्राक्षं लावणार, असं घरात ठरलं होतं.

पक्ष्यांवर आळ घ्यावा, तर पिशवीला साधं भोकही नव्हतं. शेवटी सून हळूच म्हणाली, "मामंजी, पिकलंय का ते बघायला मी एकच घेतला होता." मग सासूबाईंनीही एकच घेतलेला निघाला. आत्याबाईंनी रोज एकच घेतला होता. मुलाने तर आंबट लागला म्हणून खात्री करायला आणखी एक घेतला होता. सासरेबुवा कुणावर रागावले नाहीत. पिकणं जिभेशिवाय कळत नाही, हा दंडक त्यांचाच होता आणि तो ते सकाळ-संध्याकाळ पाळत होते.

बाई हातपाय टेकत, धापा टाकत वर आल्या. घड बघून त्यांनी नुसतं चव कशी असते एवढंच विचारलं. त्यावर सगळं घर एकदम बोलू लागलं: आधी आंबट, मग गोड, शेवटी जिभेला जरा तुरट. "एकंदरीत अभ्यास दांडगा आहे घराचा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो मणी तपासणीसाठी चिमटीत धरून अलगद तोडला.

तो सटकला. पहिल्या बांधावरून उडी, दुसऱ्यावरून उडी. मागोमाग सासरेबुवा, त्यांचं धोतर सावरत मुलगा, आणि "अहो, जपून" म्हणत सासूबाई. सगळ्यांत खालच्या बांधाच्या पायथ्याशी, आपल्या मळ्यात, शेजारचे काका खुरपत बसले होते. सासरेबुवांशी त्यांचं बोलणं बंद होतं. मणी पायाशी आला तसा त्यांनी तो सदऱ्याला पुसला आणि तोंडात टाकला.

एव्हाना बाईही खाली येऊन पोचल्या.

"पिकलंय," काका बाईंना म्हणाले. "पण आमची जास्त गोड आहेत."

त्यांच्या अवजारांच्या खोलीमागची भिंत काळ्या घडांनी लगडली होती. बाईंनी पानं उलटीपालटी करून पाहिली, मणी चाखला, दुसरा चाखला, तिसराही चाखला. रुसवीच होती.

"इथे कुणी लावली?"

"कुणी कशाला लावतंय? हे गृहस्थ दरवर्षी छाटणी करतात आणि काड्या बांधावरून खाली माझ्या डोक्यावर फेकतात. सांगून सांगून बोलणं बंद झालं, काड्या काही बंद झाल्या नाहीत. काही मी जाळल्या, काही रुजल्या."

वाण अस्सल आहे, वरची वेलही राहू द्या, असं बाईंनी मुलाला सांगितलं. मग त्यांनी पेन उघडलं. "हे वाण राखलं कुणी, असं लिहू?"

काकांनी सासरेबुवांकडे पाहिलं. सासरेबुवांनी घसा साफ केला.

"मुद्दामच फेकत होतो," ते म्हणाले. "सगळं एकाच जागी ठेवणं धोक्याचं असतं."

काकांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.