एक मिनिट नजरेला नजर

प्राणीसंवेदना खात्याचं परिपत्रक आलं तेव्हा मी दुकानात कोंबडी सोलत होतो. कोंबडीला भावना असतात, हे शासनास आता मान्य होतं. सबब प्रत्येक गिऱ्हाइकाने खरेदीपूर्वी तिच्या डोळ्यांत सलग एक मिनिट पाहावे, नमुना ‘क’वर सही करावी आणि मग खुशाल खावी.

पहिल्याच दिवशी वकीलकाका वीस सेकंदांत मागे सरले. “अरे, ही माझ्याकडे बघतेय.”

“तिचीही तीच तक्रार असेल, काका.”

ते अंडी घेऊन गेले. महिन्याभरात दुकानात मी आणि माश्या उरलो. बायको म्हणाली, “टाळं लावा आता, आणि बसा पिसं मोजत.” बापाच्या हातचं दुकान, टाळं कसं लावणार? तडक खात्यात गेलो.

साहेब समजूतदार निघाले. “गिऱ्हाइकाने पाहावे, असं लिहिलंय. स्वतः पाहावे, असं कुठंय? अधिकृत दर्शक नेमा की.”

मेहुणा घरी बसूनच होता. त्याला खुर्ची दिली, बिल्ला दिला. तो दिवसाला चाळीस कोंबड्यांकडे बघायचा आणि गिऱ्हाइकं मोबाइलकडे. रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली. काकाही परतले.

तिसऱ्या आठवड्यात जेवताना मेहुण्याने ताट सरकवलं. “दाजी, ही दुपारी अडीचची आहे. मान वाकडी करून बघत होती.” आणि ढसाढसा रडला. सकाळी राजीनामा ठेवून, एका कोंबडीला बगलेत मारून तो निघून गेला.

खात्याने चौकशी केली. ठपका असा, की दर्शक पाहताना खरोखर पाहत होता. पुढे असं होऊ नये म्हणून दर्शकासाठी लायकीची परीक्षा लागली. कोंबडी समोर ठेवायची, तिला भीती कशी वाटते, ती पिल्लांना कशी हाका मारते हे वाचून दाखवायचं, आणि उमेदवाराच्या भुकेवर परिणाम होतो का ते तपासायचं; झाला की नापास.

मी घाबरलो. एकही पास झाला नाही तर दुकान गेलंच. पण मिनिट मोजायला समोर घड्याळ होतं. सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. परीक्षेला बसलेली अख्खी वस्ती पास झाली. मी पहिला, काका दुसरे. खरं सांगतो, पहिला आल्याची लाज वाटली. दुकान उघडेपर्यंत टिकली.

तुम्हीही हे सगळं वाचलंत, मधे एकदोनदा हसलात, आणि भूक काही मेलेली दिसत नाही. अभिनंदन. प्रमाणपत्र घरपोच येईल. त्याच पिशवीत अर्धा किलो टाकू की एक?