रुक्मिणीबाईंचा पी.पी. कॉल

आमच्या शेजारच्या रुक्मिणीबाईंशी बोलायला लागलं की बरोबर तीन मिनिटांनी त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात आणि विचारतात, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी साताऱ्याहून बँकेच्या बदलीवर चेन्नईला नुकताच आलो होतो आणि पाणी किती वाजता येतं, एवढंच विचारायला त्यांच्या दारात उभा होतो. घाबरून मी "नको" म्हणालो. दार बंद झालं. पाण्याची वेळ मला दुसऱ्या दिवशी कळली, पाणी गेल्यावर.

रुक्मिणीबाई तंजावरकडच्या मराठी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. तीसेक वर्षं त्यांनी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली, दर तीन मिनिटांनी 'वाढवायचं का?' विचारत. नोकरी संपली, ट्रंक कॉलही गेले, पण अक्कांची ड्यूटी काही सुटली नाही. त्यातही पी.पी. कॉल त्यांचा विशेष लाडका. ज्यांना तो जमाना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पी.पी. म्हणजे 'पर्टिक्युलर पर्सन', ज्याचं नाव दिलंय तोच माणूस फोनवर आला तर लाइन जोडायची. त्याचा बाप, भाऊ, नवरा, कुणीही चालत नाही. अक्का हा नियम सगळ्या जगाला लावतात. आमच्या बिल्डिंगच्या सभेला, फ्लॅट बायकोच्या नावावर असलेले चार नवरे येऊन ऐसपैस बसले होते. अक्कांनी चौघांना उठवलं. "कागदावर नाव तिचं. तुमी कोण ओ?" त्या चौघांत मीही होतो.

मग आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि सेल्वी नावाची तरुण बाई नगरसेविका म्हणून निवडून आली. निदान पाटीवर तरी. घराच्या पुढच्या खोलीत कचेरी होती आणि खुर्चीत तिचा नवरा बसायचा. शिक्का त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, लोक 'काउन्सिलर सार', म्हणजे सर, म्हणायचे तेही त्यालाच. सेल्वी आतून कॉफी पाठवायची.

अक्कांचं काम होतं बस थांब्याजवळच्या बायकांच्या स्वच्छतागृहाचं. ते बांधलं, रंगवलं आणि कुलूप घालून ठेवलं. गिंडीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका जायला जागा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नव्हत्या. अक्कांनी त्यांच्या सह्या घेऊन अर्ज केला आणि साक्षीला मला घेऊन निघाल्या.

"सांगा पाट्टी," सार म्हणाले. तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात.

"सेल्वी आहे?"

"सगळं मीच बघतो."

"पी.पी. कॉल आहे. ती येईपर्यंत थांबते."

सार हसले. अक्का बसल्या. दहा ते एक, रोज. पहिले दोन दिवस सारांनी कॉफी दिली, तिसऱ्या दिवशी पंखा बंद केला, चौथ्या दिवशी बाकडं हलवलं. पाचव्या दिवशी अक्का घरून स्टूल आणि विंझणा घेऊन आल्या. सार वैतागून म्हणाले, "द्या तो अर्ज, आजच करून टाकतो!" माझ्या रजा संपत आल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, देऊन टाका. आपल्याला काम झाल्याशी मतलब."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मला साताऱ्याची परतीची गाडी आठवली. "हे काम हा करेल ओ. मग अस्की कामं हाच करेल. तिनं कधी करायचं?" अस्की म्हणजे सगळी.

नवव्या दिवशी सार फोनवर बोलत बाहेर गेले आणि दाराचा पडदा हलला. सेल्वी स्वतः कॉफी घेऊन आली. "पाट्टी, त्यांना का देत नाही? मला यातलं काही येत नाही."

"दिवसभर पाणी न पिता राहिली आहेस कधी?"

सेल्वीनं कॉफी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "निवडणुकीच्या प्रचारात. रोज."

"मग तुला येतं."

तिनं अर्ज घेतला आणि वाचता वाचता खुर्चीत बसली. आपण कुठे बसलोय हे बहुधा तिच्याही लक्षात आलं नाही. सार परत आले, खोलीभर नजर फिरवली, बसायला जागा दिसेना. अक्कांनी आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"हे महापालिकेच्या सभेत मांडावं लागेल," सेल्वी म्हणाली. "माझी जीभच उचलणार नाही."

"तीन मिनिटं बोल. तीन मिनिटांत किती बोलता येतं हे माझ्याहून जास्त कुणाला माहीत?" त्या दिवसापासून अक्का रोज तिच्याकडून घड्याळ लावून तयारी करून घेत होत्या.

आता एक सांगायला हवं. अक्कांच्या घरी लाल रंगाचा जुना फोन आहे. त्या तो रोज पुसतात. तो चालू आहे, पण वाजत नाही. त्यांचा भाचा चेन्नईजवळच सिरुसेरीला कंपनीत आहे. तो मला मोबाइलवर कळवतो, "काका, आत्याला सांगा, या रविवारी जमत नाही." मी निरोप देतो. अक्का "सरी", म्हणजे बरं, म्हणतात आणि फोन पुन्हा पुसतात. एकदा म्हणाल्या, "किती लोकांना नाव घेऊन लाइनवर बोलावलं. माझं नाव घेऊन कुणी मागितलं नाही ओ." मी विषय बदलला. त्याची मला अजून लाज वाटते.

महापालिकेच्या सभेच्या दिवशी अक्कांचा गुडघा धरला होता, म्हणून त्या घरीच होत्या. संध्याकाळी मी भाच्याचा नेहमीचाच निरोप घेऊन गेलो. त्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ कालवत होत्या. एवढ्यात लाल फोन वाजला. मी उचलला.

"मी शेजारी बोलतोय. सांगा, निरोप देतो."

"निरोप नाही," पलीकडून बाईचा आवाज आला. "रुक्मिणीबाईच पाहिजेत. पी.पी. कॉल आहे."

मी हाक मारली. अक्का हात पदराला पुसत आल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "रुक्मिणीबाई बोलते," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळानं विचारलं, "बोललीस? तूच? आणि कुलूप? निघणार?" मग नुसत्या ऐकत राहिल्या आणि मान हलवत राहिल्या.

मी घड्याळाकडे बघितलं. तीन मिनिटं झाली. दहा झाली. अक्का घड्याळाकडे पाठ करून बसल्या होत्या.

मी दार हलकेच ओढून घेतलं आणि जिन्यातून भाच्याला फोन लावला. म्हटलं, "तुझा निरोप मी देणार नाही. आत्याला तूच फोन कर, नाव घेऊन माग. पण आत्ता नको. आत्ता त्यांची लाइन बिझी आहे."