ओसाकाला न पोचलेला फॅक्स

शुक्रवारी सकाळी अवधूत सबनीसने आपली लाडकी स्क्रिप्ट चालवली, पडद्यावर 'सर्व व्यवस्थित' असा निरोप उमटलेला पाहिला आणि तो चहा आणायला उठला. कप भरून परत येतो तो टेबलावरचा फोन वाजत होता. ओसाकाहून हमागुचीसान बोलत होते.

"फॅक्स अजून आलेला नाही. बहुतेक आमच्याच मशीनमध्ये बिघाड असेल. क्षमा असावी."

जपानमध्ये गिऱ्हाईक आपणहून माफी मागायला लागलं की आपण घाबरायचं असतं, एवढं दीड वर्षात अवधूतला कळलं होतं. त्याने चहा बाजूला ठेवला.

प्रकरण तसं साधं होतं. तोयोसुतल्या त्याच्या ऑफिसात ओसाकाच्या एका घाऊक औषध कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिले जात. महिन्याच्या शेवटी सगळे सुटे प्रोग्रॅम जोडून नवी आवृत्ती बांधायची, त्याला म्हणायचं बिल्ड. बिल्ड झालं की त्याचा अहवाल फॅक्सने ओसाकाला जायचा आणि तो पाहून तिथली मंडळी शनिवार-रविवारात नवी आवृत्ती बसवायची. पूर्वी या कामाला दोन माणसं दिवसभर जुंपलेली असत. अवधूतने आल्या आल्या एक स्क्रिप्ट लिहिली आणि सगळा कारभार एका आज्ञेवर आणून ठेवला. बिल्ड तीच करणार, अहवाल तीच बनवणार, मॉडेमवरून फॅक्सही तीच धाडणार. माणसाने फक्त आवृत्ती कोणती आणि फॅक्स नंबर कोणता, हे दोन पॅरामीटर द्यायचे. या स्क्रिप्टचं कौतुक त्याने घरी इतक्या वेळा केलं होतं, की त्याच्या बायकोला, सुमनला, कूकरच्या शिट्ट्यांइतकीच तिची सवय झाली होती.

आज मात्र त्या स्क्रिप्टवर बरंच काही अवलंबून होतं. अवधूतचा करार महिनाअखेर संपत होता. विभागप्रमुख मात्सुओकासानना त्याने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ते "बघू या" म्हणाले होते. जपानी "बघू या" आणि पुणेरी "बघू" यांत फारसा फरक नसतो. पाचच्या आत अहवाल ओसाकाला पोचला नाही, तर नवी आवृत्ती बसणार नव्हती, आणि मग अवधूतला बहुधा ओजिमातलं बिऱ्हाड आवरून पुण्याचं विमान गाठावं लागणार होतं.

त्याने स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पुन्हा 'सर्व व्यवस्थित'. पुन्हा हमागुचीसानचा फोन, पुन्हा क्षमा असावी.

"पॅरामीटर चुकला असेल," शेजारच्या टेबलावरचा किकुची हळूच म्हणाला. किकुची अतिशय सज्जन माणूस. तो अवधूतच्या पडद्याजवळ आला आणि तिथले रेल्वेचे गार्ड सिग्नलकडे रोखतात तसं बोट रोखून फॅक्स नंबरातला एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागला. नंबर संपल्यावर खणखणीत आवाजात म्हणाला, "योशी!" म्हणजे बरोबर. मग आवृत्तीकडे बोट रोखलं. "योशी!" अख्ख्या ऑफिसने माना वर केल्या आणि अवधूतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नंबर बरोबरच आहे, किकुचीसान. मीच लिहिलीय स्क्रिप्ट."

"हो, हो. अर्थात." किकुचीने दातांमधून हवा आत ओढली. जपानी माणूस अशी हवा ओढतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि सांगायचं नसतं. "म्हणजे... माझ्या लॉगिनमधून एकदा चालवून पाहिली तर कदाचित... पण ते काम तुमचं आहे. मी हात लावणं बरं दिसणार नाही."

"त्याने काय फरक पडणार? स्क्रिप्ट तीच, मशीन तेच," अवधूत म्हणाला.

"खरंय," असं म्हणून किकुची आपल्या जागेवर जाऊन बसला. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा त्या ऑफिसातला नियम. आणि दुसऱ्याचं नाक खपवून घ्यायचं नाही, हा अवधूतचा.

आता अवधूतने कंबर कसली. आत नक्की काय चाललंय ते दिसावं म्हणून त्याने स्क्रिप्टला एक जादा पॅरामीटर दिला. त्यामुळे स्क्रिप्ट जे जे करते ते ते सगळं लिहून काढते. बारा पानांचा अहवाल साठ पानांचा झाला. सगळी साठ पानं अगदी व्यवस्थित गेली, असं स्क्रिप्टने शपथेवर सांगितलं. ओसाकाला पान म्हणून पोचलं नाही. तिकडे हमागुचीसाननी मशीन उघडून पुसलं, नवा रोल घातला आणि दुसऱ्या कुणी मध्येच फॅक्स करू नये म्हणून त्या मशीनशेजारी एक माणूस उभा केला.

दरम्यान मात्सुओकासाननी माफीची तयारी सुरू केली. गिऱ्हाइकाला त्रास झाला की साहेबाने मिठाईचा खोका घेऊन जातीनं जायचं आणि कमरेत वाकायचं, अशी तिथली रीत. सकाळी त्यांनी डिपार्टमेंट स्टोअरमधून छोटा खोका मागवला होता. साठ पानंही पोचली नाहीत हे कळल्यावर तो परत पाठवून मोठा आणवला. वर ओसाकाच्या गाडीची दोन तिकिटंही काढायला सांगितली.

"दोन?" अवधूतने विचारलं.

"तुम्हीही वाकायचं," मात्सुओकासान म्हणाले.

आता घरी कळवायला हवं होतं. अवधूतने फोन फिरवला. एंगेज. थोड्या वेळाने पुन्हा फिरवला. एंगेज. जेवायच्या सुट्टीत एंगेज, सुट्टीनंतरही एंगेज. एदोगावाला राहणाऱ्या पद्मिनीची आणि सुमनची नुकतीच गट्टी जमली होती. नवऱ्याची नोकरी इकडे टांगणीला लागलीय आणि ह्यांच्या शेवग्याच्या शेंगा कुठे मिळतात याच्या गप्पा संपत नाहीत, असं म्हणून अवधूतने रिसीव्हर आपटला. जपानी ऑफिसात रिसीव्हर आपटत नाहीत. सगळ्यांनी पुन्हा माना वर केल्या.

शेवटी त्याने जालीम उपाय केला. आतापर्यंतचं बांधलेलं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून बिल्ड लावलं. त्याला दोन तास लागतात. त्या दोन तासांत त्याने मॉडेम बदललं, वायर बदलली, एकदा डोळे मिटून गणपतीचं नावही घेतलं. बिल्ड संपलं, फॅक्स गेला, 'सर्व व्यवस्थित' आलं. या वेळी हमागुचीसाननी माफी मागितली नाही. नुसते "असं का," म्हणाले. हे ऐकून मात्सुओकासाननी अंगात कोट चढवला.

तेवढ्यात खालून निरोप आला: अवधूतसानच्या पत्नी आल्या आहेत.

अवधूत जिन्यावरून धडधडत खाली आला. सुमन दारातच उभी होती. केस विस्कटलेले, एका हातात भाजीची मोठी पिशवी, आणि चेहऱ्यावर अवधूतच्या परिचयाचा भाव. घरात दूध उतू गेलं आणि ते नवऱ्याने पाहत राहून जाऊ दिलं, की तो भाव येई.

"अहो, किती पाठवाल? काही सुमार?"

"काय पाठवलं मी?"

"फॅक्स! सकाळपासून नुसता कागद ओकतंय ते मशीन. रोल संपला की थांबतं, मी नवा घातला की पुन्हा सुरू. तीन वेळा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रोल आणले. आता त्याच्याकडचेही संपले. तुम्हाला फोन करावा तर फोनच मोकळा नाही, म्हणून उठून आले शेवटी."

"अगं, पण तू रोल घातलेसच कशाला? बंद करायचं मशीन!"

"वा! गेल्या रविवारी तुम्हीच म्हणालात ना? ऑफिसातून टेस्टचा फॅक्स आला तर नीट घे, मध्ये बंद करू नकोस, फाडू नकोस, जपून ठेव. म्हटलं, कराराचे दिवस आहेत, महत्त्वाचं काही असेल. माझ्यामुळे खंड पडायला नको."

रविवार. अवधूत स्वागतकक्षातल्या खुर्चीवर बसला.

रविवारी तो सुट्टी असून स्क्रिप्ट सुधारायला आला होता. चाचणीची पानं ओसाकाला जाऊ नयेत म्हणून त्याने एक युक्ती केली होती. माणूस लॉगिन झाला की मशीन त्याच्यापुरत्या काही गोष्टी मनाशी धरून बसतं आणि प्रत्येक कामात त्या न विचारता वापरतं. त्यांना म्हणतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. अवधूतने आपल्या लॉगिनमध्ये 'फॅक्स नंबर' अशी एक गोष्ट धरायला लावली आणि तिथे घरचा नंबर टाकला. स्क्रिप्टला शिकवलं की असं काही धरलेलं असलं तर तेच पाळ, पॅरामीटर काहीही असो. तात्पुरतं. सोमवारी काढून टाकू म्हणाला आणि विसरला. आपल्या माणसाचं 'तात्पुरतं' पुढे किती टिकतं, हे काय सांगायला हवं? स्क्रिप्ट बिचारी पडद्यावर ओसाकाचा नंबर दाखवी आणि फॅक्स ओजिमाला करी. किकुचीने आपल्या लॉगिनमधून ती चालवली असती, तर सकाळीच सगळा प्रश्न मिटला असता.

सुमनला घेऊन तो वर आला आणि मात्सुओकासानपुढे उभं राहून त्याने सगळं कबूल केलं. खूप लाज वाटत होती, पण सांगून टाकल्यावर हलकंही वाटलं. मात्सुओकासाननी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला आले होते. व्हेरिएबल काढून स्क्रिप्ट पुन्हा चालवायला आणि तिची साठ पानं धाडायला वेळच नव्हता.

"घरी आलेला अहवाल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सुमनने पिशवीतून एक गठ्ठा काढला. कात्रीने सरळ कापलेली, पानं लावून पुस्तकाखाली दाबलेली, सुतळीने बांधलेली अकरा पानं.

"एवढीच?" अवधूत किंचाळला. "अगं, शेकड्यांनी असतील!"

"होती की. पण पुन्हा पुन्हा तेच. शेवटचं तेवढं ठेवलं. आणि ज्या पानांवर नुसते ठिपके नि आकडे होते, ती काढून टाकली. ते कोण वाचणार?"

"टाकलीस? कुठे?"

"बाल्कनीत आहेत. तळमजल्यावरच्या इशिइकाकू म्हणाल्या, हा कागद रद्दीत चालत नाही, जळणाऱ्या कचऱ्यात टाक. तो मंगळवारी."

गिऱ्हाइकाचा अहवाल अजून मंगळवारपर्यंत सुखरूप आहे, हे ऐकून मात्सुओकासाननी रुमालाने कपाळ पुसलं. मग ती अकरा पानं एकेक करून ऑफिसच्या मशीनमध्ये घातली गेली. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून किकुची प्रत्येक पान दोन्ही हातांनी दाबून धरी आणि आत गेलं की "योशी!" म्हणे. शेवटचं पान गेलं आणि सगळे फोनकडे बघत उभे राहिले.

फोन वाजला. मात्सुओकासान उभे राहून ऐकत होते आणि ऐकता ऐकता पलीकडच्या न दिसणाऱ्या हमागुचीसानना वाकून नमस्कार करत होते. फोन ठेवून ते वळले.

"अहवाल पोचला. ते म्हणतात, दीड वर्षात पहिल्यांदाच वाचता येण्यासारखा अहवाल आला. आजवर त्यांना तो कळतच नव्हता. संकोच वाटायचा म्हणून बोलले नाहीत." मग त्यांनी मिठाईचा मोठा खोका उचलला आणि दोन्ही हातांनी सुमनपुढे धरला.

सोमवारी रिवाजाप्रमाणे बैठक झाली. चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार? अवधूत तयारीनिशी आला होता. व्हेरिएबल काढलं, पॅरामीटरच खरा मानायचा, फॅक्स खरोखर कुठे गेला ते स्क्रिप्टने पडद्यावर दाखवायचं. मात्सुओकासाननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उत्तम. मात्र ओसाकाची एक विनंती आहे. अहवाल ज्यांनी पाहून पाठवला, त्यांनीच तो दर वेळी पाहून पाठवावा."

लग्नाआधी पुण्यातल्या एका बँकेत काम केलेली आणि ओजिमात आल्यापासून घरी बसून कंटाळलेली सुमन लगेच हो म्हणाली. तिच्या पार्ट-टाइम कामाची परवानगी काढली गेली, घरी चांगलं मशीन बसलं, आणि शुक्रवारी चूक म्हणून खोडलेला घरचा नंबर अवधूतने स्वतःच्या हाताने पॅरामीटर म्हणून टाकला. त्याचा करारही वर्षभराने वाढला. त्या संध्याकाळी त्याने स्टेशनवरून केक नेला आणि सुमनला खरोखर मनापासून सांगितलं, की तू नसतीस तर आपण विमानात असतो.

पुढच्या वसंतात, मोठ्या सुट्ट्यांना जोडून, त्याने दोघांसाठी महिन्याची रजा मागितली. मात्सुओकासाननी कॅलेंडर समोर ओढलं आणि बराच वेळ दातांमधून हवा ओढत बसले.

"अवधूतसानची रजा मंजूर आहे. त्यात काहीच अडचण नाही. पण सुमनसान गेल्या, तर ओसाकाचं काम कोण बघणार?"

म्हणून त्या मे महिन्यात अवधूत एकटाच पुण्याला गेला. आईने आमरसाची वाटी पुढे ठेवली आणि दाराकडे बघत विचारलं, "सुमन का नाही आली रे?"

"रजा नाही मिळाली तिला. तिच्यावाचून अडतं तिथे."

"आणि तुझ्यावाचून?"

अवधूतने वाटी जवळ ओढली आणि तूप मागितलं.