आर म्हणजे रिटर्न

कलकत्त्यातल्या एस्प्लनेडच्या सरकारी कचेरीत मजकूर लिहायचं नवं कॉम्प्युटर यंत्र बसलं आणि पहिल्याच आठवड्यात श्यामराव करंबेळकरसाहेब त्याच्यावर भडकले. नागपूरहून बदलून आलेले साहेब शुद्धलेखनाच्या बाबतीत महाकडवे. काम अडलं की एच दाबायचं, मग पडद्यावर इंग्रजीत मदत उमटायची. त्यातली अर्धी प्रोग्राम लिहिणाऱ्या लीना साठ्येनं लिहिली होती, अर्धी तिच्या सहकाऱ्यानं, श्यामसुंदर घोषालनं. लीना लिहायची, 'कंट्रोल दाबून धरा आणि एस दाबा.' श्यामसुंदरला शब्दांचा कंटाळा. त्यानं कंट्रोलऐवजी नुसतं ^ टाकलं होतं.

"मिस साठ्ये, हे छप्पर कसलं?" साहेब कडाडले. "सकाळपासून छप्पर आणि एस टाइप करतोय. पत्र साठवलं जाणं दूरच, पत्रात नुसती छपरं! वस्ती वसलीय वस्ती!"

"सर, तो चिन्ह श्यामसुंदरबाबूंचा आहे."

लीना कलकत्त्याच्या बेहाला भागात जन्मली आणि तिथंच वाढली. घरात मराठी असलं, तरी लिंगभेद नसलेल्या बंगालीच्या सहवासानं तिची व्याकरणातली लिंगं जरा सैल झाली होती.

"तो नाही, ते! ते चिन्ह!" साहेबांनी आधी व्याकरण मार्गी लावलं. "आणि परत जायला कुठं बॅक, कुठं क्विट, कुठं एक्झिट. हे काय विष्णुसहस्रनाम आहे? सगळीकडे एकच शब्द. रिटर्न! आणि त्याचं बटण आर."

"पण सर, आत आरला आम्ही रिमूव्ह दिलंय. दाबलं की लिहिलेलं सगळं पुसून जातं. आधी प्रोग्राम बदलावा लागेल."

"आधी वाचायला बरोबर करा. दाबायचं नंतर बघू!"

लीनानं मदतीचा मजकूर एकसारखा केला. प्रोग्रामही ती बदलणार होती, पण रोज हात लावावा आणि वीज जावी. त्या वर्षी कलकत्त्यात वीज कमी आणि मेणबत्त्या जास्त. तेवढ्यात उद्घाटनाचा दिवस उजाडला. दिल्लीचे मोठे साहेब आले. पाहुण्यांसाठी चहा आणि संदेश ही बंगाली मिठाई मांडली होती. करंबेळकरांनी यंत्रावर स्वागताचं लांबलचक भाषण स्वतः टाइप केलं होतं. ते पाहुण्यांसमोर छापून तिथंच वाचून दाखवायचा त्यांचा बेत होता.

"आधी मदत दाखवतो," म्हणत त्यांनी एच दाबलं. पडद्यावर ओळी कशा शिस्तीत उभ्या राहिल्या!

"वा! फारच नीटनेटकं," मोठे साहेब म्हणाले.

करंबेळकर फुलले. आता भाषणाकडे परत जायचं होतं. त्यांनी कंट्रोल दाबून धरलं आणि दुसरं बोट आरकडे निघालं. मागून लीना घाईघाईनं ओरडली, "सर, आर नको! तो अजून बदलला नाही!"

"तो नाही, ते!" असं म्हणत साहेबांनी आर दाबलं.

पडदा कोरा झाला. करंबेळकरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लीनाकडे, मग छताकडे. भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

"आपलं स्वागत आहे," ते शेवटी म्हणाले. "यंत्र आपल्यासमोरच आहे. संदेश ताजे आहेत. घ्यावेत."

आणि ते बसले.

लीनानं डोळे मिटून घेतले. आता साहेबांची बदली अंदमानला, आणि आपलीही बहुधा त्याच बोटीनं, अशी तिची खात्रीच झाली. तोच टाळ्या कडकडल्या. सगळ्यांत जोरात वाजवत होते मोठे साहेब.

"आठवडाभर हिंडतोय, करंबेळकर," ते गहिवरून म्हणाले. "सगळीकडे तासतासभर भाषणं. असं भाषण प्रथमच ऐकलं. कुठलं बटण दाबलंत ते?"

"आर, सर."

"दिल्लीच्या यंत्रालाही हवं. आधी तिथंच!"

दुसऱ्या दिवशी लीना प्रोग्राम दुरुस्त करायला बसली. साहेब तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"राहू द्या, मिस साठ्ये. आर आहे तसंच राहू द्या."

"मग मदतीत काय ठेवू, सर? रिटर्न की रिमूव्ह?"

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"रिलीफ लिहा," ते म्हणाले.