किती हाकांत उठता?

नव्या माणसाला आपण नाव विचारतो, गाव विचारतो, फारच धीट असलो तर पगार विचारतो. दान्यालबांनी मला विचारलं, "गुरुजी, सकाळी किती हाकांत उठता?"

पाथर्डीच्या अलीकडच्या त्या कोरड्या गावात मी बदलून आलो, त्याचा तो पहिलाच दिवस होता. मी बेलापूरचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. माझ्या खोलीच्या खिडकीतून ख्रिस्ती मंडळीची दफनभूमी दिसायची आणि तिच्या फाटकाला लागूनच दान्यालबांचं घर. मला वाटलं, म्हातारा शेजारी म्हणून आपल्याला उठवायची सोय करतोय. मी म्हटलं, "चार तरी लागतात." त्यांनी काळजीने मान हलवली. "जड झोप. बरं हाय, तुमच्यात जाळत्यात. आमच्यात असता तर तुमची पंचाईतच हुती."

या प्रश्नाचा उलगडा व्हायला आठवडा लागला. दान्यालबा तीस वर्षं मंडळीच्या कबरी खणत होते. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मातीत निजलेली माणसं उठतील, अशी त्यांची श्रद्धा. तशी ती सगळ्याच ख्रिस्ती लोकांची असते, पण बाकीचे श्रद्धा ठेवून मोकळे होतात. दान्यालबा त्या दिवसाची व्यवस्था बघायचे. कर्णा वाजला आणि एखादा घोरतच राहिला तर? म्हणून ते प्रत्येक जड झोपेच्या माणसाशेजारी हलक्या झोपेचा माणूस ठेवायचे. कुणाच्या घरी मयत झाली की दोन शब्द धीराचे बोलायचे आणि मग हळूच विचारायचे, "झोप कशी हुती त्यांची?"

सगळ्या कबरींचे पाय पूर्वेला. प्रभू पूर्वेकडून येणार, तेव्हा उठून बसलं की समोरच दिसायला हवा. एकदा नगरहून आलेल्या पाहुण्यांनी घाईत पेटी उलटी उतरवली आणि प्रार्थना सुरू झाली. दान्यालबा मध्येच ओरडले, "थांबा! उठल्यावर मानूस माळाकडं बघत बसंल की!" दोर लावून पेटी वर घेतली, फिरवली, पुन्हा सोडली. मयताची बायको रडता रडता हसली. "जन्मभर असंच करायचे हो, सगळे बघत्यात तिकडं यांची पाठ," ती म्हणाली.

उलटे ठेवलेले एकटे जुने पाळकसाहेब होते. पाळकाचं तोंड आपल्या मंडळीकडे असावं, अशी रीत. ते दोन-दोन तास उपदेश करायचे म्हणे. दान्यालबा त्यांची कबर दाखवून सांगायचे, "उठल्या उठल्या सुरू करतील, म्हनून जरा लांबच ठिवलंय."

नरकावर मात्र ते थट्टा चालू देत नसत. नरक आहे आणि तो कायमचा आहे, याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. मी एकदा शहाणपणा करून विचारलं, "दान्यालबा, एवढा जाळ माणूस कायम कसा सोसणार?" ते म्हणाले, "जाळाचं काय न्हाई, गुरुजी. मानूस जाळ सोसतो. पाथर्डीच्या स्टँडवर दुपारी दोनला उभं ऱ्हावा, आन् मग कळावं की यस्टी येनारच न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, कंदीच न्हाई. वाट बघन्यात अर्थच न्हाई, तो नरक." त्यानंतर मी स्टँडवर उभा राहिलो की मला घाम वेगळाच फुटायचा.

त्यांनी स्वतःची जागाही ठरवून ठेवली होती. आधीच गेलेल्या बायकोच्या, मार्थाबाईंच्या कबरीच्या डाव्या हाताला. मूलबाळ नव्हतं, दोघंच होती. ती जागा ते रोज झाडायचे, तिच्यावर कुसळही टिकू देत नसत. मंडळीच्या पंचांकडून त्यांनी ती कधीच मंजूर करून घेतली होती. कारण नेहमीचंच. "माझी झोप लई जड. तीस वरसं तिनंच हलवून उठवलं. कर्न्याचं काय सांगता, मला तिच्याबिगर जाग यायची न्हाई." हे सांगताना ते छाती पुढे काढायचे, जशी काही जड झोप ही मिळकतच आहे.

मग दुष्काळाचा तो उन्हाळा आला. विहिरींचे तळ दिसू लागले. आमच्या विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरायचं काम लेआबाईची रुथ करायची. एकोणीस वर्षांची पोर, लग्नानंतर सहा महिन्यांत सासरच्यांनी परत पाठवलेली. कुणाशी बोलायची नाही, पण म्हाताऱ्यांच्या घागरी आधी भरून द्यायची. माझीही भरायची. एका सकाळी ती विहिरीच्या तळाशी मरून पडलेली सापडली.

पाय घसरला की तिने जीव दिला, हे कुणीच पाहिलं नव्हतं. पण गावाला ठरवायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत ठरलं होतं. पंचांमधले याकोबराव हे निवृत्त कारकून. ते फाटकाशी उभे राहून म्हणाले, "आत्महत्येचं पाप आहे हे. तिचा आत्मा कुठे गेला हे सांगायला नको. ओढ्याच्या कडेला माती द्या. आत नको."

लेआबाई जमिनीवर बसली होती. ती रडतही नव्हती. एवढंच विचारत होती, "माझी पोर एकटी ऱ्हानार का वढ्याला?"

मला वाटलं, नरकावर एवढा विश्वास असलेला हा म्हातारा आता मान डोलावणार. दान्यालबांनी पहार भिंतीला टेकवली.

"याकोबराव, नरक हाय. अगदी खरा हाय," ते म्हणाले. "पन तिथं कुनाला जागा द्यायची, ते काम माझ्याकडं न्हाई. तुमच्याकडं बी न्हाई. माझ्याकडं हितली जागा हाय."

"इथली कुठली?" याकोबराव चिडले. "हिच्या शेजारी कुणाला आपलं माणूस असलेलं चालेल? एका तरी घरचा होकार आणून दाखवा."

जमलेली माणसं पायाखाली बघू लागली. खरं होतं ते. प्रत्येकाचं कुणी ना कुणी आत निजलेलं होतं.

"मार्थाच्या डाव्या हाताला," दान्यालबा म्हणाले. "मार्थाच्या घरवाल्याचा होकार हाय."

ती जागा पंचांनीच मंजूर केली होती, ज्याची त्याने कुणाला द्यायची ते ठरवावं. याकोबराव डोक्यावरची टोपी काढून बाजूला झाले.

जमीन दगडासारखी झाली होती. मीही कुदळ घेतली, तासाभरात माझ्या हाताला फोड आले. मध्येच दान्यालबा लेआबाईजवळ जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी तिला विचारलं, "झोप कशी हुती पोरीची?" सकाळपासून पहिल्यांदा लेआबाईचा बांध फुटला. "पैल्या हाकेला उठायची हो. हाक पुरी व्हायच्या आत."

"मग काळजी न्हाई," ते म्हणाले. "उठली की जरा बावरंल, पन मार्था हाय शेजारी. मार्थाला पोरींची लई हौस हुती."

रुथला पूर्वेकडे पाय करून माती दिली. माणसं गेली. आम्ही दोघं फाटकाच्या पायरीवर बसलो. माझ्या मनातलं मी विचारूनच टाकलं, "दान्यालबा, आता तुम्हाला कोण उठवणार?"

त्यांनी पहारीची माती बोटाने खरवडली. "गुरुजी, त्या जागेपायी मी पंचांना खोटं सांगितलं. मार्था गेली तवापास्नं मला झोप कुठली? कोंबड्याच्या आदी उठून बसलेला असतो. पन बायकोच्या शेजारी निजायचंय, हे म्हाताऱ्यानं चार लोकांत कसं सांगावं? मला टाका कुठंबी, भिताडाकडं. मी जागाच असंन." पहार बाजूला ठेवत ते म्हणाले, "हाक मारनारं कुनी नसलं की मानूस झोपत न्हाई."

या माणसाबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते पुढे कुणाही मोठ्या माणसाबद्दल वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चार हाकांचा माणूस उजाडता उजाडता उठू लागलो. खिडकी उघडून ओरडायचो, "दान्यालबा, ओ दान्यालबा, उठा!" ते उठून ओट्यावर बसलेले मला स्पष्ट दिसायचे. पण पहिल्या हाकेला ते हलायचे नाहीत. दुसरी मारली, तिसरी मारली, की मगच डोळे चोळत म्हणायचे, "उठलो, उठलो."